सासऱ्यांची कवळी

कपाटाच्या वरच्या खणातून त्याने डबा काढला, बेसिनपाशी नेला, झाकण उघडलं आणि शिळं पाणी ओतायला हात तिरपा केला. तिरपाच राहिला. डब्यात नुसतं पाणी होतं. कवळी नव्हती.

दात काही पाण्यात विरघळत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्याने बोट बुडवून तळ चाचपला. मग कपाटाचा खण चाचपला. खणात जुने स्वेटर होते, औषधांची पिशवी होती. सगळं जागच्या जागी.

कवळी सासऱ्यांची होती आणि त्यानेच घडवलेली. इथे येण्याआधी तो एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. मेणात एकेक दात बसवताना तो श्वास धरून बसतो, असं त्याच्या बरोबरचे म्हणत. सासऱ्यांचं माप घ्यायला घरी गेला, तेव्हा त्यांनी बोळक्या तोंडाने अट घातली होती, "जावईबापू, पुढचा एक दात जरा तिरका ठेवा. माझा होता तसा. वर गेल्यावर तुमच्या सासूबाईंनी ओळखायला नको का मला?"

त्याने ठेवला तिरका. पण सासरे गेले तेव्हा कोणीतरी कवळी काढून वाटीत ठेवली आणि गडबडीत ती परत बसवायची राहूनच गेली. बायकोला त्याची फार रुखरुख लागली. पुढे वाटण्या झाल्या. भावाने घर घेतलं, बहिणीने घड्याळ घेतलं, हिने दात घेतले. विमानतळावर सामान तपासणाऱ्याने तो डबा उघडून पाहिला आणि काही न विचारता दोन्ही हातांनी परत दिला.

कवळी कोरडी पडली की आकार सोडते. म्हणून दर रविवारी तो पाणी बदलायचा. त्याच्या धंद्यातलं म्हणून एवढंच एक काम या देशात त्याच्या वाट्याला उरलं होतं.

चोर आला असता तर दात तेवढे सोडून बाकी सगळं नेलं असतं. म्हणजे चोर नव्हे. घरात माणसं दोन. त्यातला एक तो स्वतः.

त्याने मान वळवली. बाल्कनीच्या काचेपलीकडे ती फोनवर बोलत होती. पाठमोरी. एक हात फोनभोवती आडोशासारखा धरलेला. आवाज काचेतून येत नव्हताच, पण काच उघडी असती तरी आला नसता. ती कुजबुजत होती. गेले कित्येक दिवस ती फोनवर कुजबुजतच होती.

त्याने डबा स्वच्छ धुतला, ताजं पाणी भरलं, झाकण लावलं आणि जागेवर ठेवून दिला. कवळी असल्यासारखा.

*

तिने राजीनामा दिल्याचं त्याला कळलं ते तिच्या बुटाचे बंद सुटताना. दारातल्या बाकड्यावर बसून, खाली मान घालून ती म्हणाली होती, "मी शाळा सोडली."

"म्हणजे?"

"म्हणजे राजीनामा दिला."

"अगं, पण का?"

"झालं आता."

एवढंच. मग आत जाऊन तिने गरम पाण्याचा पेला भरला आणि खिडकीशी बसून राहिली.

ती लहान मुलांना शिकवायची. शाळेने तिला या देशात बोलावलं, शाळेने व्हिसा दिला, आणि तिच्या व्हिसाचं शेपूट धरून तो आला. त्याच्या पासपोर्टात 'आश्रित' असं लिहिलेलं होतं. आश्रिताने नोकरी करायची नाही. करायची झाली तर कोणीतरी त्याच्या स्वतःच्या नावाने वेगळा व्हिसा काढायला हवा, आणि तसा माणूस अजून भेटला नव्हता. सुरुवातीला एका दवाखान्याने हो म्हटलं आणि ऐन वेळी हात वर केले. त्यानंतर तो आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. पुढे उठला, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि कोणी विचारलंच तर सांगू लागला, "मी गृहमंत्री."

आता शाळा सुटली म्हणजे तिचा व्हिसा सुटणार, आणि तिचा सुटला की याचा. मध्ये थोडी मुदत. तेवढ्यात दुसरी वाट काढायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. आणि गुंडाळून जायचं कुठे? तिकडचं घर मेव्हण्याचं झालं होतं. त्याच्या लॅबमधल्या टेबलावर दुसरा बसला होता.

वाट काढायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. सकाळी आवरून निघायची. तो विचारायचा, "कुठे निघालीस?"

"काम आहे."

"किती वाजता येशील?"

ती पंजा हवेत हलवायची. म्हणजे सांगता येत नाही, किंवा सांगायचं नाही. दोन्हींत फार अंतर असतं, पण हलणाऱ्या पंजात ते दिसत नाही.

पूर्वी ती अशी नव्हती. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी वर्गातल्या पोरांच्या नकला सुरू व्हायच्या. एकाचं बोबडं बोलणं, एकीचं नाक ओढत तक्रार करणं. तो कणीक मळता मळता हसायचा. ते कधी बंद झालं, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. राजीनाम्याच्या बरंच आधी. आधी नकला गेल्या, मग गोष्टी गेल्या, मग नुसती मान हलायला लागली. घरात दोन माणसं आणि बोलणं एकाचंच. कीर्तनात बुवाच गप्प झाले तर मागे झील धरणाऱ्याने करायचं काय?

खालच्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळवायच्या जागी भेटल्या. चिमटा दातांत धरून त्या बोलायच्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य गुपित वाटायचं.

"भाऊजी, बाईंनी शाळा सोडली म्हणे. मग आता कुठला व्हिसा?"

"बघतोय."

"तुम्ही बघताय की त्या?"

तो चादर झटकत राहिला.

"नाही, आपलं सांगून ठेवते. ती वरची नर्स नव्हती का? तिनेही नोकरी सोडली आणि कसलासा कोर्स घेतला. विद्यार्थी व्हिसा मिळाला तिला. पण त्या छोट्या कोर्सवर नवऱ्याला ठेवता येत नाही. तो गेला बिचारा परत. जाताना मला कुंडी देऊन गेला." वहिनींनी चिमटा काढून दोरीला लावला. "कुंडी छान आहे हो. पण नर्सबाई काही त्याला परत बोलवत नाहीत."

"आमचं तसं नाही."

"छे, छे! तुमचं कसं असेल तसं?" असं म्हणून त्यांनी दुसरा चिमटा तोंडात धरला.

संशयाला बसायला पाट लागत नाही. त्या दिवसापासून तो घरभर फिरू लागला. ती आंघोळीला गेली की तिच्या पिशवीकडे नजर जायची. पिशवीत एका संस्थेचं चकचकीत पत्रक दिसलं. वर हसणारे विद्यार्थी. दुसऱ्या दिवशी ते पिशवीतून नाहीसं झालं. म्हणजे टाकून दिलं, की भरून दिलं? मग त्याच्या कपाटातली लॅबची जुनी प्रमाणपत्रं जागेवर नसल्याचं लक्षात आलं. त्याची प्रमाणपत्रं हिला कशाला? एकच अर्थ निघत होता. तिकडे कोणाला तरी सांगून याच्यासाठी जुन्या टेबलाची सोय करायची, म्हणजे पाठवताना मनाला टोचायला नको.

आणि आता कवळी. बापाची आठवण तिने आधीच बांधून ठेवली होती. माणूस निघायचा असला की जिवापाड जपलेली वस्तू आधी बॅगेत टाकतो.

त्या संध्याकाळी बाल्कनीचं दार फटीएवढं उघडं राहिलं. तो कोथिंबीर निवडत होता. हात थांबले.

"...त्यांना अजून नाही सांगितलं," ती कुजबुजत होती. "पक्कं झालं की सांगेन... हो, मुख्य नाव एकच राहणार, कळलं मला... पासपोर्ट घेऊन येते."

कोथिंबिरीच्या काड्या कचऱ्यात टाकायच्या, त्या त्याने भांड्यात टाकल्या आणि पानं कचऱ्यात.

ती दुकानात गेली तेव्हा त्याने टेबलाचा खण उघडला. दोन पासपोर्ट रबर लावून ठेवलेले होते. त्याने तिचा काढला. फोटोतली ती कॅमेऱ्याकडे अशी रोखून बघत होती, जणू मागच्या बाकावरचा गोंगाट आत्ता थांबवणार आहे. तो घेऊन कुठे ठेवावा, हे कळेना. शेवटी जिथे तिचा हात वर्षानुवर्षं गेला नव्हता तिथे ठेवला. पिठाच्या डब्यात, खोलवर. वरून पीठ सारखं केलं आणि हात धुतले. हात धुताना आरशात बघायचं त्याने टाळलं.

*

दुसऱ्या दिवशी तिने सगळं घर उलथंपालथं केलं. खण, पिशव्या, गादीखाली, पुस्तकांमध्ये. एकही शब्द न बोलता. तो दारात उभा होता.

"काय शोधतेस?"

तिने हवेत छोटा चौकोन काढला.

"पासपोर्ट? असेल की इथेच. जाणार कुठे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप असता तर त्याला बरं वाटलं असतं. होती ती घाबरगुंडी. मग ती त्याच्या जवळ आली आणि कुजबुजली, "अहो, माझ्याबरोबर चला. व्हिसावाल्याकडे. आजच."

"मी कशाला?"

तिने त्याच्या चपला त्याच्या पायाशी सरकवल्या.

व्हिसावाल्याची कचेरी एका लाँड्रीच्या वर होती. जिन्यात वाफेचा आणि साबणाचा वास. सल्लागार आपल्याच भाषेतला, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर एक खुर्ची रिकामी होती, दुसरीवर फायली होत्या. त्याने फायली जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाला, "या साहेब. अखेर दर्शन झालं. बाई, तुम्ही बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय ना? मी बोलतो. माझा घसा अजून कोणी बंद केलेला नाही."

"कुठले डॉक्टर?" त्याने विचारलं.

सल्लागाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "यांना घशाचंही माहीत नाही?"

ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"साहेब, यांच्या स्वरतंतूंवर गाठी आल्यात. शिकवून शिकवून. साध्याच आहेत, घाबरू नका. पण आवाज द्यायचा नाही. शाळेला सांगितलं असतं तर शाळेने आजारी म्हणून काढलं असतं, त्याचा शिक्का पुढे नडला असता. म्हणून यांनी स्वतःच सोडली. मीच सांगितलं तसं. त्याआधी कित्येक महिने या घसा वर्गासाठी वाचवून ठेवत होत्या. घरी गेल्यावर अवाक्षर नाही, म्हणाल्या. लिहून दाखवलं मला."

खाली लाँड्रीत कसलंसं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं. कचेरी एकदम मोठी वाटायला लागली.

"आता पर्याय." सल्लागाराने बोटं पुढे केली. "दुसरी शाळा? घसाच नाही, तर काय कामाची? विद्यार्थी व्हिसा? यांना मिळाला असता. पत्रकही दिलं होतं मी. दुसऱ्या दिवशी यांनी ते माझ्या टेबलावर आणून आपटलं. का, तर त्यात तुम्हाला जागा नाही. परत जाणं? ते तर कधीही आहेच, त्याला सल्लागार कशाला लागतो? राहता राहिला एक. मुख्य अर्जदार बदलायचा. नोकरी तुमची, व्हिसा तुमचा. बाई तुमच्यावर आश्रित."

"मला कोण देणार नोकरी?"

"दिलीय. पलीकडच्या बाजारात एक डेंटल लॅब आहे. मालकीणबाई कडक. म्हणाल्या, प्रमाणपत्रं कोणीही आणतो, काम दाखवा. आता तुमचं काम इथे कुठून आणायचं?" सल्लागाराने खणातून एक छोटी पारदर्शक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत पाणी होतं आणि पाण्यात सासरे हसत होते. "मी म्हटलं, बाई, हे काय आणलंत? पण मालकीणबाईंनी भिंग लावून पाहिलं. विचारलं, हा एक दात तिरका राहिलाय तो चुकून की मुद्दाम? यांनी कागदावर लिहून दिलं, वडिलांनी मागून घेतला. त्या हसल्या. त्या हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं."

त्याने डबीला हात लावला नाही. हात गुडघ्यांमध्ये धरून बसला.

"मला सांगायचं नाही का?" तो तिला म्हणाला.

तिने पिशवीतून पेन काढलं, टेबलावरच्या एका जुन्या पाकिटावर लिहिलं आणि त्याच्याकडे सरकवलं. *दवाखान्याच्या वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होतात. परत तसं बघवलं नसतं.*

"मुदत संपत आलीय," सल्लागार घड्याळाकडे बघत म्हणाला. "कागद तयार आहेत. दोघांचे मूळ पासपोर्ट आजच्या आज पुढे जायला हवेत. काढा."

तिने त्याचा काढून ठेवला. मग दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवले.

"हरवला? अहो, मग सगळंच मुसळ केरात! नवा निघेपर्यंत—"

"घरी आहे," तो उठत म्हणाला. खुर्ची मागे फायलींवर पडली. "मी आणतो. मला... कुठे असेल ते सुचलंय."

जिना त्याने कसा उतरला, रस्ता कसा ओलांडला, हे त्याला नंतर आठवलं नाही. पिठात कोपरापर्यंत घातलेला हात तेवढा आठवत होता. पासपोर्ट त्याने पंच्याने पुसला, फुंकला, शर्टाला घासला. वाटेत पुन्हा पुसला. कचेरीत शिरताना तो निळाशार दिसत होता, कोणालाही काही कळलं नसतं.

तिने तो हातात घेतला आणि फोटोचं पान उघडलं. पानांच्या शिवणीतून पांढरी भुकटी भुरकन उडाली आणि तिच्या गडद ओढणीवर पडली. थोडी टेबलावर. थोडी त्या डबीच्या झाकणावर.

सल्लागाराने वाकून पाहिलं. "हे काय? पावडर? अहो, अशी भुकटी दिसली तर तिकडे दहा प्रश्न विचारतात."

ती ओढणीकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. स्वयंपाकघर कोणाचं, पिठाचा डबा कोणाचा, त्यात कोणाचा हात जातो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला.

तिने घसा खाकरला. डॉक्टरांनी तेही करू नका म्हणून सांगितलं असणार.

"पीठ आहे," ती म्हणाली. कुजबुजून नव्हे. आवाजाने म्हणाली, फाटक्या, खरखरीत आवाजाने. "मीच ठेवला होता डब्यात. चोरांच्या भीतीने. विसरूनच गेले."

"बाई, बाई! बोलू नका हो!" सल्लागार ओरडला. "आणि चोरांनी काय पोळ्या लाटल्या असत्या का? काय एकेक डोकी असतात!"

तिने ओढणीच्या टोकाने पासपोर्टचं एकेक पान पुसलं, मिटलं आणि त्याच्या पासपोर्टावर ठेवलं. वरून रबर लावलं.

घरी परतताना दोघंही पायी आले. डबी त्याच्या हातात होती, पाणी हिंदकळू नये म्हणून तो हळू चालत होता. एकदोनदा त्याने तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने बोट ओठांवर ठेवलं. स्वतःच्या नव्हे, त्याच्या.

*

कामावर जायच्या पहिल्या सकाळी डबा तिने भरला होता. पोळ्यांचे आकार पाहून त्याने हळूच झाकण लावून टाकलं. डॉक्टरांनी तिला अजून पूर्ण मौन सांगितलं होतं. लिहून बोलायला गळ्यात पाटी अडकवलेली होती, पण ती तिने हातात घेतली नव्हती.

तो दारातल्या बाकड्यावर बसून बुटाचे बंद बांधू लागला. ती चौकटीला टेकून उभी होती. तिच्या पासपोर्टात आता 'आश्रित' होतं. वहिनी तिलाही कपडे वाळवायच्या जागी भेटल्या असणार.

त्याने डबा उचलला. तिने भुवया वर केल्या आणि मनगट किंचित फिरवलं. किती वाजता?

हा प्रश्न त्याने किती सकाळी विचारला होता. याच चौकटीत, याच जागी, असंच एका खांद्याने टेकून. उत्तरादाखल नुसता हवेत हलणारा पंजा पाहणं काय असतं, तेही त्याला माहीत होतं.

पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तो त्याने आत घेतला आणि पुन्हा बाकड्यावर बसला.

"हे बघ," तो म्हणाला. "इथून बस पकडतो. चौकात उतरायचं, मग उजवीकडे. मालकीणबाई असतात, आणखी दोघं आहेत. एक पॉलिश करतो, एक मुलगी आहे, ती साचे ओतते. तिला अजून प्लॅस्टरमधले बुडबुडे काढता येत नाहीत म्हणे, ते मी दाखवणार. जेवायची सुट्टी झाली की फोन करेन. तू उचल फक्त, बोलू नकोस. सुटलो की बाजारातून पीठ घेऊन येईन, डब्यातलं संपत आलंय. आणि येताना..."

बस येऊन गेली असावी. तो सांगत होता. ती चौकटीवरून सरकून त्याच्या शेजारी बाकड्यावर बसली आणि मान हलवत ऐकत राहिली.